मनकर्णामावशीची युजफुल गोधडी

हिंगोली, २८ जानेवारी २००२

ती. मनकर्णामावशीच्या पायांवर डोकं ठेवते.

मी परकरात होते तेव्हा तू म्हणाली होतीस, "घरात रिकामं बसावं ते मांजरानं." ते अजून माझ्या मानगुटीवर बसलेलं आहे. ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? दुसऱ्यातला मोतीबिंदू तसाच ठेवून तू नवव्या दिवशी गावाकडची, हट्ट्याची गाडी धरलीस, त्याचा घोर लागला आहे. (पार्वतीबाई, तिला वाचून दाखवताना हे गाळू नका.)

आता तुझे प्रताप ऐक. डॉक्टरांनी वाकू नका, सुई धरू नका, असं बजावलं होतं. आमची पुनम परीक्षेचे शब्द घोकत होती, युजफुल म्हणजे उपयोगी, गाय उपयोगी प्राणी आहे. तू विचारलंस, "गाईला इचारलं का कुणी?" आणि तिथून घरातली एकेक वस्तू उचलून, "हे युजफुल हाय का? मंग ठिवलं काहून?" यांच्या सत्काराची ढाल तू लोणच्याच्या बरणीत दाब म्हणून ठेवलीस. (लोणचं फार छान मुरलं. ढालीला सात वर्षांत पहिल्यांदा काम मिळालं.)

मग तुला कपाटात ब्लाउजपिसांचा गठ्ठा सापडला. अगं, ती पिसं शिवायची नसतात. आपल्या ओटीत आली की दुसरीच्या ओटीत घालायची. वर्षानुवर्षं घरोघर फिरतात, अंगाला कुणाच्या लागत नाहीत. मी शाळेत शिकवायला गेले की तू, एका डोळ्यावर पट्टी, बोटांनी चाचपत, बत्तीसच्या बत्तीस जोडून गोधडी केलीस आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना बसायला तीच अंथरलीस. शेजारच्या वहिनी बसता बसता थांबल्या. "हे जांभळं तर मी लखमाबाईला दिलं होतं." लखमाबाई म्हणाल्या, "माझ्याकडं बघू नका. ते हिरवं मी दिलेलं तुमी कुणाला दिलं, ते सांगा आधी." अर्धा तास तपास चालला. ओटी भरायला माझ्याकडे एक पीस उरलं नव्हतं. जमीन दुभंगावी असं झालं. तेव्हा तू म्हणालीस, "आत्ता कुठं युजफुल झाली तुमची पिसं. बसा बायांनो." बसल्या, आणि हसून हसून उठेनात. मावशी, तुझा टाका सरळ होता. मला दोन डोळ्यांनी तसा जमत नाही.

त्या संध्याकाळी तू पुनमला विचारलंस, "गाय भाकड झाली की मंग काय म्हणतेत? हाय का पुस्तकात?" तिनं पानं उलटली. सकाळी तुझी पिशवी भरलेली होती.

असो. इथल्या चार बायकांना तशाच गोधड्या हव्या आहेत, तेव्हा लवकर निघ.

तुझी,
रुपा

ता. क. गोधड्यांचं खोटं आहे. कुणी मागितलेल्या नाहीत.

ता. क. दुसऱ्या डोळ्याची तारीख नऊ फेब्रुवारी घेतली आहे. ये, आणि महिनाभर काही करू नकोस. भाजी निवडू नकोस, पुनमची वेणी घालू नकोस. नुसती आमच्यासमोर बसून राहा. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. तरी विचारते.