एक वर्ष दहा महिने

३ नोव्हें., सोम.
शुक्रवारी आमचं ॲप गावोगावच्या अंगणवाड्यांत जाणार. धावड्याची अंगणवाडी पण त्यात, म्हणजे आईचीच, ती तिथली सेविका. ऑफिसातल्या सरांनी ॲप मागवणाऱ्या संस्थेला तसा शब्द दिलाय. काम तसं छोटं. मुलाचं वय न् वजन टाकलं की हिरवा, पिवळा की लाल ते सांगायचं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जादा आहार, लाल म्हणजे थेट दवाखाना.
वयाचं फंक्शन, म्हणजे वयाचे महिने करून देणारा कोडचा तुकडा, माझं. अंगणवाडीत वय वर्ष-टिंब-महिने असं लिहितात. १.५ म्हणजे एक वर्ष पाच महिने, दीड नव्हे. ऑफिसात हे फक्त मला माहीत, आईमुळे. त्यावर भावही खाल्ला.
इम्रानभाई, आमचे सीनियर, आले तेच, "टेस्ट किधर है?" म्हटलं, चालवून बघितलं की. "आज तू बघितलं. उद्या कोड बदलला तर कोण बघंल, तुझी आई?"

४, मंगळ.
टेस्ट म्हणजे आपल्या कोडची परीक्षा घेणारा दुसरा, छोटा कोड. फंक्शनला एक वय द्यायचं, किती महिने यायला हवेत ते आधी लिहून ठेवायचं, मशीन दोन्ही ताडून बघतं. जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. १.५ दिलं, समोर १७ लिहिलं. हिरवी! एकटीच खुर्चीत नाचले.
इ.भाईंचा नियम: "जवाब पहिले तू काढायचा. बोटावर मोज, कागदावर कर, कसं बी. मंग मशीनला विचार. उलटं बिलकुल न्हाई." आणि काठावरची वयं सोडायची नाहीत. शून्य, पूर्ण वर्ष, दहा-अकरा महिने. गडबड तिथंच निघते म्हणे.

६, गुरु.
इ.भाई रजेवर. सर सारखे डोक्यावर, झालं का, झालं का. टेस्ट अर्ध्याच. शेवटी वैतागून फंक्शन चालवलं, स्क्रीनवर आलेली उत्तरं उचलली आणि तीच 'यायला हवीत' म्हणून चिकटवली. सगळ्या हिरव्या. होणारच ना.
सरांनी समोसे मागवले. मीही खाल्ले.

१०, सोम.
आईचा फोन. ॲपवर पहिली वजनं झाली. "मने, समद्या बायांला सांगितलं, हे माझ्या पोरीनं बनवलंय."  शेजारच्या शांताबाईची गुड्डी गेल्या महिन्यात पिवळ्यात होती, ती आता हिरव्यात. आई त्यावर तर भलतीच खूश. जुन्या जालन्याच्या गल्लीतून खोलीवर येताना मी उगाच हसत होते.

११, मंगळ.
आई बोलता बोलता म्हणाली, "गुड्डीचं वजन तर कमीच झालंय, तरी हिरवी कशी गं? पण फोन बराबरच सांगत असंल म्हून जादा आहार बंद केला तिचा. आज गेले बी ते, ऊसतोडीला."
विचारलं, वय काय टाकलंस?
"एक टिंब दहा. एक वर्ष दहा म्हैने. वजन साडेसात."
 तो रकाना नुसत्या आकड्याचा ठेवलाय. आकड्यात टिंबानंतरचं शेवटचं शून्य गळून जातं, १.१० न् १.१ मशीनला एकच. बावीस महिन्यांची पोर तेराची धरली. तेराच्या पोरीला साडेसात किलो चालून जातं. बावीसच्या पोरीला ते लाल आहे.
टेस्ट उघडल्या. १.१० होतं त्यात. समोर, यायला हवं: १३. मीच चिकटवलेलं. बोटावर मोजलं असतं तरी...
लाज वाटते. त्याहून भीती.

१२, बुध.
सगळ्यात आधी इ.भाईंना सांगितलं. वाटलं खाऊन टाकतील. फक्त म्हणाले, "पहिले लाल करून दाखव." म्हणजे कोडला हात न लावता टेस्टमध्ये १३ च्या जागी २२ लिहायचं. चालवलं. लाल. आत्ता कुठं ती टेस्ट खरं बोलली. मग वर्षाचा रकाना वेगळा, महिन्याचा वेगळा. बाकीची उत्तरं पण पुन्हा बोटावर मोजून लिहिली.
सर मला ओरडले नाहीत, सरळ संस्थेला फोन लावला. ओरडले असते तर बरं झालं असतं. दहा महिनेवाली सगळी मुलं पुन्हा तपासायला सांगितली. आष्टीच्या अंगणवाडीत लालमधला एक पोरगा सापडला, त्याला आजच दवाखान्यात नेलं.
आईलाही फोन करून सगळं सांगितलं. शांताबाईचा फोन बंद.

१३, गुरु.
अजून बंद. आई ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर शोधतेय. माझ्याशी कामापुरतंच बोलते.

१४, शुक्र.
मुकादमाच्या फोनवर शांताबाई भेटली. आईने मलाही लाइनीवर घेतलं.
"गुड्डीला दवाखान्यात ने बाई, आजच," आई म्हणाली.
"आवं ताई, तुमच्याच फोननं चांगली हाय म्हटलं ना? चार दिवसांत काय झालं मंग?"
"चुकलं. माझ्या पोरीचं चुकलं, आन मी तिच्यावर इश्वास ठेवला."
शांताबाईच्या मागे कोणीतरी हाका मारत होतं. "जरा सुस्त हाय, पर प्रवासानं आसंल. इथं लगेच काम सोडता येत न्हाई. बघते." ठेवला.
आई मग म्हणाली, "रजा काढ. तिकडं जाऊ आपण."
काढली. ऑफिसातून निघताना टेस्ट एकदा चालवल्या, सगळ्या हिरव्या. बघवेना, स्क्रीन बंद केला.

१५, शनि.
जालना स्टँड. आई धावड्याहून आली, पिशवीत अंगणवाडीचा वजनकाटा. "आता फोनवर शांताबाईचा भरोसा बसायचा न्हाई. तिच्यासमोर काट्यावर ठेवू पोरीला." एवढं बोलून माझ्या हातात डबा दिला.
गाडी अजून लागलेली नाही. शांताबाई पोरीला आमच्या हाती देईल का? याचं उत्तर आधी लिहून ठेवता येत नाही.