घराची कॅप्टन

आई, पहिली आली ती समोरची गुजराती बेन. हातात रिकामी वाटी, विरजण हवं म्हणाली, पण विरजण तर ती सकाळीच घेऊन गेलेली. खाली गेटपाशी तिनं माझ्या नातीला येताना पाहिलं होतं, खांद्यावरून तिरका लाल पट्टा, छातीवर बिल्ला, मग तिला घरात राहवतंय कुठलं. "बेबी को क्या मिला?" करत खुर्चीत बसलीसुद्धा. मागून मुलगा, सून आणि पेढ्यांचा पुडा. खुर्च्या पुरल्या नाहीत, मी उभीच राहिले. भरलेलं घर उभ्यानं जास्त दिसतं.

तुला सांगायचं राहिलंच, मुलगा आता हाटकेशला राहतो, टॉवरात. मी इथंच, केबिन रोडच्या मागं. रिक्षानं काही लांब नाही, पण त्यांना वेळ नसतो. नातीची शाळा मोठी, इंग्रजी. डब्यात काय द्यायचं तेसुद्धा शाळाच कळवते. पोहायला वेगळे सर आहेत. आम्ही पोरं खाडीत उतरलो की तू काठी घेऊन मागं यायचीस, आठवतंय? तर ते असो. पोरगी पाया पडली आणि म्हणाली, "आजी, मी हाऊस कॅप्टन झाले."

हाऊस म्हणजे घर, एवढं इंग्रजी मला टीव्हीनं शिकवलंय. मी विचारलं, "मग तुझी शाळा गं?"

सगळे हसत सुटले. सुनेनं समजावलं, शाळेत मुलांचे रंगांवरून गट करतात, त्यांना हाऊस म्हणतात. रिलेत ही शेवटची धावली, मागून येऊन लाल गटाला जिंकवलं, म्हणून मुलांनीच हिला निवडलं. बेन तर डोळे पुसून हसत होती. मीही हसले, पण डोळ्यांपुढं आपली मिठागराजवळची खोली. बाबा गेले आणि तू मला शाळेच्या वाटेवरून परत बोलावलंस. किल्लीला सुतळी बांधून माझ्या गळ्यात घातलीस, धाकट्याला कडेवर दिलंस आणि म्हणालीस, "आजपासून घर तुझ्याकडं." तुझ्या डोक्यावर मिठाची पाटी आली, माझ्या हातातली पाटी फळीवर गेली. मी रडले तर ओरडलीस, मोठी झालीस, रडतेस काय. संध्याकाळी तू येतेस, पाय मिठानं चिरलेले. मी भाकरी वाढते, जाड, मधे कच्ची. तू ती संपवतेस आणि अजून अर्धी मागतेस. मला कधी पट्टा मिळाला असेल तर तो तेवढाच.

मी शाळेचं का विचारलं, हे तिथं कुणाला कळणार? कळलं असतं ते तुला एकटीला. मुलाला हे कधी सांगितलंच नाही, आणि हसणाऱ्या माणसांत कुठं सांगत बसू.

मग पोरीनं बिल्ला काढून माझ्या पदराला लावला, "आता तू कॅप्टन" म्हणून फोटो काढला. तेवढ्यात तिच्या क्लासची वेळ झाली आणि सगळे एकदमच उठले. बेनही गेली, वाटी इथंच विसरून. खुर्च्या भिंतीला लावताना पाहिलं, तर बिल्ला पदरालाच. सुनेचा फोन आला, सोमवारी शाळेत लागेल, कुणाबरोबर पाठवता येईल का? बेनचा मुलगा रोज हाटकेशलाच कामाला जातो, दारासमोरून जातो. मी म्हटलं, "कुणी नाही गं इकडं. तुम्हीच या."

तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर मोकळेपणी एवढं सगळं लिहितेय. हे कुठं टाकायचंही नाही, डब्यांच्या मागं ठेवीन. बिल्ला अजून काढला नाही. रविवारी येतो म्हणालेत.