तोंडावर खोकला घेतला, त्याची गोष्ट

प्रिय आई,

बोस्टनहून ओरिनचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच, मग बाकीचं.

नौदलाच्या जहाजावरून पळालो म्हणून इथल्या बेटावर कैदेत आहे, ते तुला ठाऊकच. फ्लू एकाचा दुसऱ्याला कसा होतो ते शोधायला डॉक्टरांना धडधाकट माणसं हवी होती. शिक्षा माफ करू म्हणाले, मी तयार झालो.

गेल्या आठवड्यात एका आजारी खलाशाच्या नाकाशी नाक लावून मला बसवलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "खोक याच्या तोंडावर."

"माफ कर हं, दोस्ता," तो म्हणाला.

"खोक रे, मुका तर घेत नाहीस ना!"

तो हसला आणि त्याने माझा हात धरला. कित्येक महिन्यांत कुणी धरला नव्हता. मी सोडवला नाही.

रोज उठल्यावर आधी आवंढा गिळून बघतो. घसा दुखत नाही. आमच्यातला कुणीच आजारी पडला नाही. डॉक्टरच म्हणतात, "कसा पसरतो, आम्हालाही कळेना."

मग तू फ्लूने आजारी असताना तुझ्या कुशीत झोपल्यामुळेच आपली छोटी लीटा गेली, हे तू कशावरून ठरवलंस? तान्ह्या क्लेमला अजून आत्याच घेते का, तू हातही लावत नाहीस? गावातली साथ सरली ना? मग बाळाला उचलून घे, आई. कुणी जवळ न घेता राहणं किती जड जातं, ते मला विचार.

तुझाच,
ओरिन