लुसीची पिल्लं बघायला आलेले

९ मे
लुसीची तिन्ही पिल्लं आता ताटलीतून पेज पितात. म्हणजे द्यायला हरकत नाही. नेल्सनचा हुकूम आहे, पावसाआधी घर बंद करून वसईला ये, असले गुडघे घेऊन एकटी राहू नकोस. पोटचा पोर आहे, ऐकायला हवं. पण पिल्लं धड घरात गेल्याशिवाय हलणार नाही, सांगून टाकलं. त्याच्या सोसायटीत कुत्रं चालत नाही. लुसीबद्दल तो बोलला नाही. मीही नाही.

११ मे
पहिलं ध्यान. किनाऱ्यावर होमस्टे आहे म्हणे. "आंटी, पावण्यांका फोटोक बरो." माझा सगळ्यांना एकच प्रश्न, पावसात कुत्रा राहणार कुठे: "पावसात कुत्रो खंय रवतलो?" कारण जूनमध्ये हे होमस्टेवाले कुलूप ठोकून मुंबईला पळतात. यांची गेल्या वर्षीची कुत्री अजून वाळूत फिरतायत, नुसत्या फासळ्या. खांदे उडवून म्हणाला, "रवतलो खंय तरी." फाटक दाखवलं. गॉगल विसरून गेला, तो पिल्लांनी चावून टाकला. छान झालं.

१४ मे
ओरोसहून साहेब, सपत्नीक. "पेपर्स आहेत का हिचे?" आधी तुझे दाखव. बाईंनी पिल्लू उचललं, साडी चुरगळली म्हणून लगेच खाली. बदली झाली तर? "शिपायाला देऊ." चहा ठेवला होता, तो मीच प्यायले.

१५ मे
दोन्ही नर धामापूरहून आलेल्या दोघा भावांना दिले. आल्या आल्या जमिनीवर बसले, लुसीला हात हुंगू दिला. एवढंही लोकांना कळत नाही. आता एक मादी उरली.

१८ मे
कणकवलीचा एक. मादीच हवी, वर्षाला दोनदा पिल्लं काढणार. वर लुसीकडे बघून, "ही पण देतल्यात काय? आयती तयार आसा." काठी शोधेपर्यंत गाडीत बसला. नालायक.
संध्याकाळी नेल्सनचा फोन. "लुसीला ठेव कुणाकडे तरी. भाकरी टाकेल कोणीही."
कोणीही म्हणजे कोण?

२१ मे
बंदराजवळच्या किराणा दुकानवाल्यांची सून आली, प्राजक्ता. केस रंगवलेले, हातात मोठा मोबाइल. मनात म्हटलं, हीपण फोटोवाली. प्रश्न टाकला. "दुकानात रवतली. आमचा दुकान पावसात बंद नसता." पास! पिल्लू ओटीत दिलं. तेवढ्यात तिला आतली भरलेली बॅग दिसली. कुठे निघालात, किती दिवस, सगळं विचारून घेतलं. मग लुसीकडे बघत, "आणि आंटी, पावसात ही खंय रवतली?"
माझ्या तोंडून निघालं, "रवतली खंय तरी."
तिनं पिल्लू त्याच्या आईपाशी खाली ठेवलं. "आवशीचा आधी ठरवा. रविवारी येतंय."

२२ मे
माणसं पारखायला बसले होते मी! आणि उत्तर दिलं त्या गॉगलवाल्याचं, शब्द न् शब्द. स्वतःची शिसारी आली.
नेल्सनचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. त्याला काय सांगायचं ते मलाच माहीत नाही. घरात एकटी असताना पडले आणि उठताच आलं नाही तर? त्याचंही खरं आहे.
बॅग अजून भरलेलीच आहे. लुसी तिला टेकून झोपली आहे, पिल्लू पोटाशी.
परवा रविवार. ती पोरगी येणार, आणि तेच विचारणार.