कळंबच्या लेकींचा नवा पत्ता

२ जानेवारी २०२६, बारामती
आप्पा एकदा उसाचं पाणी वळवता वळवता म्हणाले होते, मने, तुला माणसं लागत्यात, पण ती तुझ्या मागनं चालणारी लागत्यात. मी तेव्हा नववीत होते. आप्पांचं चुकलं होतं. मला नुसती माणसं लागतात. रस्ता मला ठाऊक असतो म्हणून ती मागून येतात, एवढंच.
नव्या वर्षाचा संकल्प: फेसबुक सोडणे. एकटीने नव्हे. ‘कळंबच्या लेकी’ हा आख्खा ग्रुप घेऊन.
हा ग्रुप माझा. कळंबात जन्मलेल्या आणि लग्न होऊन बारामती, इंदापूर, फलटण, पार सुरतेपर्यंत पांगलेल्या आम्ही सगळ्या त्यात आहोत. आई गेली, त्याच वर्षी भावाने घर विकलं आणि तो पुण्याला गेला. मला कळंबला जायला कारणच उरलं नाही. मग ग्रुप काढला. आता दर रथसप्तमीला आम्ही गावात हळदीकुंकवाला जमतो. तेवढा एक दिवस मी कळंबची असते.
काल आईचा फोटो टाकला. खाली गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. आमचं माहेर एका कंपनीच्या जागेत भाड्याने आहे, हे एकदम लख्ख दिसलं.

५ जानेवारी
संस्कृती दोन दिवस आलीय. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तर म्हटलं लेकीचा उपयोग करून घ्यावा. तिने फेसबुकसारखंच, पण हत्तीच्या चिन्हाचं मॅस्टडॉन समजावून सांगितलं. त्याला मालक नाही. कोणीही आपला सर्व्हर काढायचा, आणि सगळे सर्व्हर एकमेकांना जोडलेले.
मला क्षणात कळलं. गावोगावच्या दूध सोसायट्या! प्रत्येक गावाची वेगळी, तरी दूध एकाच संघाला.
संस्कृती म्हणाली, साधारण तसंच, पण आई, हे उदाहरण कळंबच्या बायकांना देऊ नकोस. का, तर म्हणे सोसायटी म्हटलं की आपल्याकडे पुढे काय होतं ते तुला माहिती आहे.
नव्या पिढीला सहकाराचं प्रेमच नाही.

७ जानेवारी, सकाळी
सर्व्हर तयार. नाव ‘कळंब’. जुन्या ग्रुपवर सोसायटीचं उदाहरण देऊन सविस्तर लिहिलं.
संध्याकाळी: प्रतिसाद उत्तम. निमगाव केतकीच्या सरुबाईने विचारलं, शेअर घ्यावा लागंल का. द्वारकाअक्का आमच्यातली सगळ्यात थोरली, गावातच दिलेली. तिने विचारलं, चेअरमन कोन? मी लिहिलं, कोणीच नाही, सगळ्या सारख्या. तिचं उत्तर आलं, चेअरमन न्हाय आन सोसायटी कशी गं?
प्रश्न पडतायत म्हणजे ओढ आहे.

९ जानेवारी
सात-आठ जणी आल्या. बाकीच्या वाटेवर असाव्यात.
सारजाचा फोन. ही माझी लहानपणची मैत्रीण, कोऱ्हाळ्यात दिलेली. म्हणाली, मने, तितं गेले तर कुणीच न्हाय, नुसतं हत्तीचं चित्र. मी म्हटलं, तीच तर शांतता. तर म्हणते, शांतता पायजे असती तर रानात जाऊन बसले नसते का?
तिला जरा वेळ लागतो. शाळेतही लागायचा.

११ जानेवारी
माझ्यामुळेच बायका अडकल्यात, हे आज लक्षात आलं. मी जुन्या ग्रुपवर असेपर्यंत त्या कशाला हलतील? म्हणून आज ग्रुप सोडला. मागे राहिलेल्यांना वाटेला लावायला कोणीतरी हवं, म्हणून ॲडमिनपद द्वारकाअक्काला दिलं. निरोपाचं लिहिताना डोळे भरून आले. बाहेर पडण्याआधी सरुबाईचं वाचलं: तुमी व्हा फुडं, आमी आलोच.
आता फक्त वाट बघायची.

१४ जानेवारी, संक्रांत
वाट बघतेय. तीळ भाजताना तीनदा फोन उघडला, तीळ करपले. दुसरे भाजले. लाडवांचा फोटो नव्या जागी टाकला. जर्मनीतल्या एका गृहस्थांनी चांदणी दिली, म्हणजे तिथलं लाइक. कळंबचा लाडू जर्मनीत पोचला! मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, कोऱ्हाळ्यात पोचला का?
ह्यांना उत्तर देण्यात अर्थ नसतो.
अंगणात गेले, आत आले, पुन्हा अंगणात गेले.

१७ जानेवारी
आल्या! सगळ्या आल्या! सकाळपासून नवी जागा नुसती गजबजलीय. मी शाळेत मुलांना शिकवता शिकवता फोन बघितला, कधी नाही ते.
कारण जरा वेगळं आहे. निवडणूक लागलीय. सोसायटी म्हणजे आधी संचालक मंडळ, मग काय ते काम, असं त्यांचं म्हणणं. द्वारकाअक्काचं एक पॅनेल, सरुबाईचं दुसरं. चिन्हं कपबशी आणि शिट्टी. वालचंदनगरची राजलक्ष्मी निवडणूक अधिकारी, कारण तिचे सासरे कारखान्याच्या निवडणुकीत मतपेटीजवळ बसले होते.
मी समजावलं की इथे निवडणुकीची गरजच नाही. सरुबाईने लिहिलं, आसं म्हननारं चेअरमन लई बघितल्यात आमी.
मीही उभी आहे, स्वतंत्र. पॅनेलच्या राजकारणात मला पडायचं नाही. सगळ्यांना आणलं कोणी, हे त्यांना कळतंच.

१९ जानेवारी
निकाल लागला. चेअरमन द्वारकाअक्का.
मला एक मत. ते माझं. सारजाला विचारलं, तर म्हणाली, कपबशी दिसली, दाबली. तुला चिन्हच नव्हतं गं.
मला स्वीकृत संचालक करायला मंडळ तयार होतं. मी नम्रपणे नाही म्हटलं. पडल्यावर मागच्या दाराने यायचं, हे माझ्या स्वभावात नाही.

२० जानेवारी
नव्या मंडळाची पहिली सभा. ठराव एकच: सगळ्याजणी जिथं हायेत तितंच ऑफिस ठेवावं. म्हणजे फेसबुकवर. सूचक सरुबाई, अनुमोदक सारजा. एकमताने मंजूर.
दुपारपर्यंत सगळ्या गेल्या. भांडणं संपली होती, हसत हसत गेल्या.
इथे आता मी आणि ते जर्मन गृहस्थ. त्यांनी आज लाडवाची कृती विचारली. लिहिली. गूळ कुठला घ्यायचा ते सांगताना मध्येच सुचेना.

२२ जानेवारी
रथसप्तमी रविवारी. अजून कोणाचा निरोप नाही. चारदा फोन हातात घेतला.
शेवटी मीच सारजाला लावला. सहज. म्हणाली, ग्रुपवर हाय की सगळं. यंदा हळदीकुंकू द्वारकाअक्काच्या घरी, जेवणासकट. जिनं ग्रुपवर नाव लावलं तिच्यापुरताच स्वयंपाक. तू न्हाय का लावलं? मी म्हटलं, बघते. तिला आठवलंच नाही की मी तिथे नाही. त्याचं जास्त लागलं. रुसून बोलली असती तर बरं वाटलं असतं.
अक्काचं घर आमच्या घराला लागूनच. म्हणजे आता जे आमचं नाही त्याला. तिच्या पडवीतून आमचं तुळशीवृंदावन दिसतं. नव्या लोकांनी ठेवलं असेल तर.
संस्कृती फोनवर म्हणाली, आई, परत घ्या म्हणून सरळ विनंती पाठव ना. मी म्हटलं, मी स्थलांतर केलंय, रुसवा नाही.

२३ जानेवारी, सकाळी
‘कळंबच्या लेकी’मध्ये घ्या, अशी विनंती पाठवली. ‘प्रलंबित’ दिसतंय.
दोन वर्षांपूर्वी राजलक्ष्मी रागाने ग्रुप सोडून गेली, तेव्हा मीच नियम केला होता: सोडून गेलेलीला वर्षभर परत घ्यायचं नाही. ती तीनदा फोन करून रडली. मी म्हटलं होतं, नियम तो नियम, आज तुला घेतलं तर उद्या कोणीही जाईल-येईल. वर्ष भरल्यावरच तिला घेतलं. ॲडमिनपद देताना अक्काला मीच तो पाठ करायला लावला होता. ती शब्दाची पक्की. घेणार नाही, हे मला माहीत आहे.
तरी विनंतीखालच्या चौकोनात लिहिलं:
द्वारकाअक्का, मी मनी. ॲडमिन नको, संचालक नको, काही बोलणारसुद्धा नाही. रविवारी पडवीत एक पान माझं मांड.