लहानूच्या यादीतल्या पाच गोष्टी

९ एप्रिल १९६२, सोमवार

भुलक्कड कुठची! तुलेच म्हणून राहिली, वही. लोक म्हणतात कागद काही विसरत नाही. मग काल आम्ही इथं आलो, ते कुठं आहे तुझ्यात? कोरीच्या कोरी! काय म्हणतेस, मी सांगितलंच नाही? अन् माझी सून रुक्मा म्हणते, बुढीचं डोकं गेलं.

मले अक्षर येत नाही. मी बोलते, नात सत्यशीला लिहिते. पाचवीची परीक्षा दिली आहे तिनं. टाक दातात धरते, जीभ निळी झाली.

हे बोरीडीह. भिलाईहून पॅसेंजरनं दोन तास. माझा भाचा चंपत इथं रेल्वेत गँगमन. क्वार्टर एका खोलीचं, गाडी आली की भांडी आपली आपली वाजतात. बायको गिरजाबाई — मन मोठं, आवाज त्याहून मोठा. ("हे कावून लिहिलं वो आत्याबाई!" — दारातून ओरडली. पाहा!)

माझा लहानू, सत्याचा बाप, तिकडं सेक्टर दहात खाटेवर. कावीळ झाली. रुक्मा त्याच्या उशाशी, रांधाले सवड नाही तिले. त्यानं पडल्यापडल्या यादी केली. "माय, या पोरीनं धूर अन् सिमिटच पाहिलं. सुट्टीत तिले गाव दाखव." यादीत पाच गोष्टी — नदीतला झिरा, कुंभाराचं चाक, आमराई, कमळाचं तळं, मोहफुलं वेचणं. "पाचही झाल्याशिवाय परतायचं नाही. ठेव माझ्या डोक्यावर हात."

ठेवला. डोकं तापलेलं होतं.

१० एप्रिल

उजाडताच झिरा झाला. नदी कोरडी ठाक. सत्या म्हणे, "आजी, नळ कुठं आहे?" म्हटलं, उकर वाळू. कोपरभर उकरली अन् पाणी झिरपलं — पोट्टी ओरडलीच! ओंजळीनं प्याली. आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात आमचा झिरा खालच्या अंगाले असे. वर म्हशी, खाली आम्ही. हे लिहू नको म्हटलं, तरी लिहून राहिली.

सकाळी आठच्या पॅसेंजरनं लहानूले डबा पाठवला, आत सत्याची झिऱ्याची चिठ्ठी. मऊ भात, मुगाचं पाणी, ताक. तेल नाही, तिखट नाही — कावीळवाल्याचं पथ्य. चंपत गार्डसाहेबाजवळ देतो, तिकडं शेजारचे हरिभाऊ ठेसनावरून घरी नेतात. संध्याकाळी डबा परत आला, आत लहानूची चिठ्ठी. सत्यानं वाचली, "बरा आहे. झिरा गोड होता का?"

मले वाचता येत नाही, पण पाहता येते. लहानूची अक्षरं उभी. शाळेत ओळीनं उभ्या केलेल्या पोरांसारखी, एकही हलत नाही. आमच्या घरातला पहिला लिहिणारा तो.

११ एप्रिल

पहाटे मोहफुलं वेचाले उठवलं. उठते कुठची! "उद्या, आजी." बरं बाई, उद्या.

१२ एप्रिल

आजही नाही उठली. दुपारी कुंभाराकडं गेलो. चाक फिरलं, मातीचं बोळकं वर आलं, सत्या डोळे मिटेना. कुंभार म्हणे, बस चाकावर. तिनं केलेला लोटा वाकडा झाला — आजीसारखा, म्हणते! ऐकून घेतलं.

येताना एक बाई डोक्यावर फडक्याची गाठोडी घेऊन चालली होती. सत्यानं विचारलं, काय आहे त्यात? सांगितलं, कडू भाकर. मरणाच्या घरी चूल पेटत नाही. नातलगाच्या घरून झुणका-भाकर जाते, फडक्यात बांधून. चवीले कडू नसते, पोरी. तुझा आजा गेला तेव्हा माझा भाऊ तीन कोस पायी घेऊन आला होता. मी खाल्ली. भूक लागते. त्याचीच लाज वाटते माणसाले.

यादीत हे नव्हतं. तरी पाहिलं.

१४ एप्रिल

जयंती! चंपतनं क्वार्टरवर निळा झेंडा लावला. मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली. गिरजाबाईनं खीर केली, अन् वाढताना पहिली मलेच, "घ्या आत्याबाई, माझ्या आवाजाची खीर!"

दरसाल आमच्या सेक्टरात माइकवर लहानू बोलतो. चिठ्ठी आली. सत्यानं वाचली, "भाषण दिलं. टाळ्या पडल्या. मजेत आहे." पोट्टी अंगणभर नाचली.

चिठ्ठी मी कमरेला खोचली. आज एवढंच.

१५ एप्रिल

हे पान सत्याच्या हातचं नाही. ती झोपली आहे दुपारची. चंपत लिहितो. तिसरी शिकला, म्हणून अक्षरं खिळ्यासारखी ठोकून राहिला.

कालच्या चिठ्ठीतले शब्द पोरीनं वाचले. मी अक्षरं पाहिली. आडवी, धावत सुटलेली. लहानूचा हात नव्हे तो! हरिभाऊंचा असावा. त्यांना वाटलं, बुढीले काय समजते.

चंपतले समोर बसवलं. "सांग." तो रुळाकडं पाहात राहिला. मग म्हणाला, "आत्या, तेरवा दवाखान्यात नेलं त्याले. शुद्ध येते, जाते. त्यानंच बजावलं होतं — मायले कळवू नका, पोरीले मले असं पाहू देऊ नका."

म्हणजे यादी गाव दाखवाले नव्हतीच. आम्हाले दूर ठेवाले होती.

चंपत म्हणतो, आत्या, आताच निघ. पण डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द आहे. अन् आजारी माणसाचा शब्द मोडला, अन् काही झालं तं? मी बुद्ध मानते, तरी एवढी भीती गेली नाही माझी. उद्या एका दिवसात उरलेलं सारं उरकते. शब्दही राहील, पोरीले बापही दिसेल. संध्याकाळची पाचची गाडी धरते.

चंपत, या पानाले बाभळीचे काटे टोच. तिनं उघडू नये.

१६ एप्रिल

उजाडताच आमराई. तिथूनच कमळाचं तळं. सत्या धापा टाकत, "आजी, आज तुझ्या पायाले इंजिन लागलं का?" लागलं, बाई. कैऱ्या घे, चल. कमळ पाहिलं? चल.

बारा वाजता मोहाच्या झाडाखाली. मोह पहाटेचा, हे घाईत विसरलेच मी. खाली एक फूल नाही. मी बुंधा धरून हलवला. मोह हलतो काय! सत्या पोट धरून हसली. शेण्या थापणारी गावची बाई म्हणाली, "बिहनिया आबे, दाई." पहाटे ये. मोह पहाटेच टपकतो.

पाचची गाडी आमच्या डोळ्यासमोरून गेली. यादीतला मोह बाकी होता.

अकरा तारखेले एकदा हाक मारून सोडून दिलं मी. दोनदा मारली असती तं! गालाखाली हात घेऊन झोपली होती, बापासारखी.

१७ एप्रिल

पहाटे मोह वेचला. टोपली भरली. पाचही झाल्या.

परतलो तं अंगणात हरिभाऊ उभे. चहा नको म्हणाले. सत्याकडं पाहिनात.

आम्ही आठच्या गाडीनं जातो. गिरजाबाई, तू पाचच्या गाडीनं पाठव — वीस भाकरी अन् झुणका. तेल सढळ सोड, मिरची कुटून घाल. सत्या विचारते, बाबाले तिखट कसं चालते? लिही, बाई. पथ्य सुटलं.

थांबू नको, सत्या. लिही — डब्यात नको. फडक्यात बांध.