बिरड्याच्या सणाला पडलेलं मंदिर

आई, आज बिरड्याचा सण. बिरड्यासाठी वाल सोलून ठेवलेत, उपास सुटायला अजून वेळ आहे, म्हणून लिहायला बसले. तुला अक्षर येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता इतकी वर्षं झाली, तरी लिहिते.

कोकणातल्या घरी तू प्रार्थनेला समुद्राकडे तोंड करून उभी राहायचीस. त्याच बाजूला आपलं यरुशलेमचं मंदिर आहे, एवढं तुला तुझ्या आजीनं सांगितलेलं. आपण बेने इस्राएल यहुदी खरे, पण गावात हिब्रू कुणाला येत होतं? शेमाची प्रार्थना तेवढी तोंडपाठ आणि शनिवारी चूल बंद. मंदिरात दिवा जळतो आहे आणि कधीतरी गलबतात बसून आपण जाणार आहोत, हे तू मला भात भरवताना सांगायचीस. जणू खाडीपलीकडे मावशीचं घर.

मग कापसाला वेड्यासारखा भाव आला आणि बाबा सुतारकामासाठी आपल्याला अकोल्याला घेऊन आले. इथले लोक बैलांच्या शिंगांना चांदी लावत होते. आपल्या खोलीच्या नेमकं पश्चिमेला रुईचं गोदाम उठलं आणि त्याचं छत बाबांनीच घातलं. "एवढी भिंत माझ्या तोंडासमोर कशाला आणलीत?" तू म्हणालीस. बाबा हसले, तू हसली नाहीस. रोज सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायचीस.

त्या वर्षी कोकणातून वाल आलेच नाहीत. सण बिरड्याचा आणि घरात वाल नाही, म्हणून तू सकाळपासून धड बोलत नव्हतीस. त्यात मुंबईहून बाबांच्या नात्यातले एक पाहुणे आले, हिब्रू शिकून शहाणे झालेले. तू त्यांना विचारलंस, आजचा उपास कशाचा? ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "वहिनी, आज मंदिर जळालं. दगडावर दगड राहिला नाही. हा सण कसला, सुतक आहे हे."

तू चुलीपुढून उठतेस, भिंतीला टेकून जमिनीवर बसतेस. बाबा म्हणतात, "अगं, शेकडो वर्षं झाली त्याला." तू पदर तोंडावर ओढून घेतेस आणि हमसून रडतेस. मी तुला तसं रडताना कधी पाहिलेलं नाही. मला भीती वाटते.

धूर दिसला नाही म्हणून शेजारची माळीण डोकावली. "काहून बसली वं माय अशी? कोन गेलं?"

"आमचं देऊळ पडलं."

"कवा?"

"पुष्कळ वर्षं झाली म्हणतात. मला आज कळलं."

ती उंबऱ्यावरच बसली. "मंग तुह्यासाठी आजच पडलं ना वं. चूल नोको पेटवू. मी कडू घास आनतो."

मयताच्या घरी शेजाऱ्यांनी न्यायचा असतो, तो घास. दिवेलागणीला तिनं भाकर आणि पोपटाच्या दाण्यांची भाजी आणली. इकडे वालाला पोपट म्हणतात, पहिल्यांदा ऐकून तू किती हसली होतीस. पेरायला राखलेले दाणे होते ते. परक्या घरचं पाणीही न पिणारी तू, तिच्या हातानं जेवलीस.

पुढे भाव कोसळला, गोदाम ओस पडलं, पण तू पश्चिमेकडे तोंड करून पुन्हा उभी राहिली नाहीस. गलबताचं नावही काढलं नाहीस. पाहुणे खोटं बोलले नव्हते, तरी मला त्यांचा अजून राग येतो.

आता मला सगळं वाचता येतं, काय जळलं, कुणी जाळलं. मघाशी वाल सोलताना नातीनं विचारलं, "आजी, ते मंदिर अजून आहे?" तिचे डोळे अगदी तुझे आहेत. मी म्हटलं, "आहे. समुद्रापलीकडे. दिवा जळतो आहे."

खरं सांगणारे तिला पुष्कळ भेटतील, आई. तो पाहुणा मला व्हायचं नव्हतं.